मेलने कागदपत्रे पाठवण्याआधी पासवर्ड लावायचा आहे: पीडीएफ, एक्सेल, झिप यांत नेमके काय निवडावे?

निळी_शाई

नमस्कार. ओळखपत्रांच्या स्कॅन प्रती, पगारपत्रके आणि वैद्यकीय अहवाल अशा दहा-बारा पीडीएफ आणि हिशेबाच्या दोन एक्सेल फाइल मेलने पाठवायच्या आहेत. घेणारे दोघे आहेत. एकाकडे विंडोज लॅपटॉप, दुसऱ्याकडे मॅक. दोघांनाही संगणकाची माहिती बेताचीच, त्यामुळे त्यांना फारसे काही इन्स्टॉल करायला लावायचे नाही. माझ्याकडे विंडोज ११, ऑफिस आणि सेव्हन-झिप (झिप बनवण्याचे मोफत सॉफ्टवेअर) आहे. अॅक्रोबॅटची विकतची आवृत्ती नाही.

सध्या डोक्यात असे आहे: एक्सेलला 'प्रोटेक्ट शीट' लावायचे, पीडीएफ एका फोल्डरमध्ये घालून त्याची पासवर्डवाली झिप करायची आणि पासवर्ड म्हणून घेणाऱ्याची जन्मतारीख ठेवायची, म्हणजे तो वेगळा कळवायला नको. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'एन्क्रिप्ट कंटेंट्स टू सिक्युअर डेटा' अशी एक चौकट दिसते, तेवढ्याने भागेल का? पीडीएफ लॉक करून देणाऱ्या वेबसाइट वापराव्यात का? आणि पासवर्ड देवनागरीत ठेवला तर जास्त सुरक्षित होईल का?

कडीकोयंडा

आधी प्रॉपर्टीजमधल्या त्या चौकटीबद्दल, कारण तिच्यावर विसंबून पाठवलेली फाइल उघडीच जाते. ते एन्क्रिप्शन (किल्लीशिवाय वाचता येऊ नये असे सांकेतिक रूप) फक्त तुमच्या डिस्कवर, तुमच्या विंडोज खात्यापुरते असते. तुम्ही लॉग-इन केलेले असताना फाइल मेलला जोडली की विंडोज ती आपोआप उलगडून देते आणि पलीकडे साधी फाइल पोहोचते. लॅपटॉप दुसऱ्याच्या हाती पडला तर त्या सोयीचा उपयोग आहे, पाठवण्यासाठी नाही.

'प्रोटेक्ट शीट'चेही तसेच. त्यात मजकूर एन्क्रिप्ट होत नाही. एक्सेलला फक्त सूचना मिळते की हे सेल बदलू देऊ नकोस. एक्सएलएसएक्स फाइल ही मुळात झिपच असते. नाव बदलून ती उघडली की आत प्रत्येक शीटची एक एक्सएमएल फाइल दिसते आणि तिच्यातला 'शीट-प्रोटेक्शन'चा एक टॅग काढून टाकला की बंधन संपले. पासवर्ड ओळखावासुद्धा लागत नाही. लपवलेल्या शीटही त्याच झिपमध्ये जशाच्या तशा असतात. चुकून सूत्र पुसले जाऊ नये यासाठी ही सोय चांगली आहे, गुप्ततेसाठी ती नाही.

एक्सेलमध्ये खरे कुलूप इथे आहे: फाइल > इन्फो > प्रोटेक्ट वर्कबुक > एन्क्रिप्ट विथ पासवर्ड. वर्डमध्ये त्याच जागी 'प्रोटेक्ट डॉक्युमेंट' असे दिसते. पासवर्ड दोनदा टाका, फाइल सेव्ह करा, बंद करून परत उघडून पाहा. 'सेव्ह अॅज'च्या खिडकीतून टूल्स > जनरल ऑप्शन्समध्ये गेलात तर दोन रकाने दिसतील. 'पासवर्ड टू ओपन' म्हणजे एन्क्रिप्शन. 'पासवर्ड टू मॉडिफाय' म्हणजे फक्त बदलांना अटकाव, मजकूर कोणीही वाचू शकतो. घाईत दुसराच रकाना भरला जातो, तेवढे सांभाळा.

फाइल नव्या एक्सएलएसएक्स किंवा डीओसीएक्स स्वरूपातच ठेवा. जुन्या एक्सएलएस आणि डीओसी स्वरूपांतले नेहमीचे एन्क्रिप्शन ४० बिटांचे आहे. म्हणजे एकूण शक्य किल्ल्या सुमारे १.१ लाख कोटी. आकडा मोठा वाटतो, पण आजच्या यंत्रावर त्या सगळ्या लावून पाहता येतात, मग पासवर्ड कितीही अवघड असो. ऑफिस २०१० पासून नव्या स्वरूपात पासवर्डापासून किल्ली बनवताना १ लाख वेळा हॅश (उलट फिरवता न येणारे गणिती रूपांतर) काढला जातो. त्यामुळे अंदाज लावणाऱ्याला प्रत्येक प्रयत्न महाग पडतो.

तुमच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. मॅकवरच्या एक्सेल आणि वर्डमध्ये पासवर्डाला १५ अक्षरांची मर्यादा आहे. विंडोजवर २० अक्षरांचा पासवर्ड लावलात तर मॅकवाल्याला ती फाइल उघडणार नाही, आणि संदेश असा येतो की त्याला वाटावे आपणच चुकीचा पासवर्ड टाकतोय. मॅकवर जाणाऱ्या एक्सेल फाइलचा पासवर्ड १५ अक्षरांच्या आत ठेवा, पण पूर्णपणे यादृच्छिक, म्हणजे कसलाही क्रम किंवा अर्थ नसलेला, ठेवा.

बाइटबाराखडी

पीडीएफबद्दल मी लिहितो.

पीडीएफला दोन वेगळे पासवर्ड असतात. एक उघडण्याचा. दुसरा मालकाचा, म्हणजे छापणे, मजकूर कॉपी करणे, बदल करणे या परवानग्यांसाठीचा. नुसता दुसरा लावला तर फाइल पासवर्ड न विचारता उघडते आणि 'छापू नका' ही विनंती पाळायची की नाही हे वाचणाऱ्या सॉफ्टवेअरवर सोडलेले असते. किल्ली फाइलबरोबरच गेलेली असते, त्यामुळे ही बंधने काढून टाकणारी मोफत साधने सहज मिळतात आणि ती सेकंदात काम करतात. गुप्तता हवी असेल तर उघडण्याचा पासवर्ड लावलाच पाहिजे.

मग एन्क्रिप्शन कोणत्या पिढीचे आहे ते पाहायचे. जुन्या पीडीएफमध्ये ४० किंवा १२८ बिटांचे आरसी४ असे, अॅक्रोबॅट ७ पासून १२८ बिटांचे एईएस आले आणि अॅक्रोबॅट ९ मध्ये २५६ बिटांचे (आरसी४ आणि एईएस ही एन्क्रिप्शनच्या दोन पद्धतींची नावे). हे ९ चे प्रकरण नीट समजून घ्या. बिट वाढले, पण पासवर्ड तपासण्याची पद्धत इतकी हलकी झाली की अंदाज लावणे आधीपेक्षा सोपे झाले. अॅक्रोबॅट एक्समध्ये ती दुरुस्त झाली आणि दुरुस्त पद्धतच पुढे पीडीएफ २.० या मानकात आली. म्हणून जिथे 'कम्पॅटिबिलिटी' विचारली जाते तिथे 'अॅक्रोबॅट एक्स अँड लेटर' निवडा. शेजारीच 'मेटाडेटा सोडून बाकी सगळे एन्क्रिप्ट करा' असाही पर्याय असतो. तो घेऊ नका, त्यात शीर्षक आणि लेखकाचे नाव उघडे राहते.

विकतचे अॅक्रोबॅट नसताना वाटा अशा:

फाइल वर्डमध्येच तयार होत असेल तर सेव्ह अॅज > पीडीएफ > ऑप्शन्स, तिथे तळाशी पासवर्डाने एन्क्रिप्ट करण्याची चौकट आहे. पासवर्ड ६ ते ३२ अक्षरांचा चालतो. लिबर ऑफिसमध्ये एक्सपोर्ट अॅज पीडीएफच्या खिडकीत 'सिक्युरिटी' टॅब आहे. मॅकवर प्रीव्ह्यूमधून फाइल > एक्सपोर्ट > परमिशन्स. आयफोनवर फाइल्स अॅपमध्ये पीडीएफ उघडून वरच्या नावावर टॅप केले की 'लॉक पीडीएफ' मिळते.

तुमच्या पीडीएफ आधीच तयार आहेत आणि त्यांत स्कॅनही आहेत, त्यामुळे विंडोजवर मी क्यूपीडीएफ हे कमांड टाइप करून चालवायचे सॉफ्टवेअर सुचवेन. मोफत आहे, इंटरनेट लागत नाही, मांडणीला धक्का लागत नाही. कमांडचा क्रम असा: क्यूपीडीएफ, मग दोन डॅश जोडून एन्क्रिप्ट, उघडण्याचा पासवर्ड, मालकाचा पासवर्ड, २५६ हा आकडा, मग नुसते दोन डॅश, मूळ फाइलचे नाव आणि शेवटी नव्या फाइलचे नाव. मालकाचा पासवर्ड रिकामा सोडू नका. २५६ बिटांच्या फाइलमध्ये तो रिकामा असला तर रिकाम्या पासवर्डानेच फाइल उघडता येते. क्यूपीडीएफच्या नव्या आवृत्त्या त्यामुळेच तिथे अडवतात. कमांड-लाइनवर टाइप केलेला पासवर्ड त्या खिडकीच्या इतिहासात राहू शकतो, तेव्हा काम झाल्यावर तो पुसा.

ऑनलाइन लॉक करणाऱ्या साइट या कामासाठी नकोत. तिथे आधी तुमची उघडी फाइल दुसऱ्याच्या सर्व्हरवर चढते, पासवर्डही त्यालाच सांगता, आणि कुलूप नंतर लागते. ज्यांच्यापासून लपवायचे त्यांच्या यादीत नाहक एकाची भर पडते.

पाठवण्याआधी फाइल अॅक्रोबॅट रीडरमध्ये उघडा, कंट्रोल-डी दाबा आणि 'सिक्युरिटी' टॅब पाहा. एन्क्रिप्शनची पातळी तिथे लिहिलेली असते. '२५६-बिट एईएस' दिसले म्हणजे झाले.

सुतळीगाठ

दहा-बारा फाइलना एकेक करून पासवर्ड लावण्यापेक्षा एक संग्रह करणे सोपे आहे हे खरे. पण 'झिपला पासवर्ड' या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात.

जुनी पद्धत म्हणजे झिपक्रिप्टो. ती कशी फोडायची हे बिहॅम आणि कोचर यांनी १९९४ मध्येच दाखवून दिले. संग्रहातल्या एखाद्या फाइलचे साधारण १२ बाइट आधीच माहीत असले की आतल्या किल्ल्या काढता येतात, पासवर्ड लांब असला तरी. आणि १२ बाइट माहीत असणे अजिबात कठीण नाही. पीएनजी चित्र घ्या: प्रत्येक पीएनजीचे पहिले १६ बाइट सारखेच असतात. ते चित्र आणखी न दाबता झिपमध्ये ठेवले गेले असेल तर हल्लेखोराला लागणारा कच्चा माल तुम्हीच दिलात. एकदा किल्ल्या मिळाल्या की त्याच पासवर्डाने बंद केलेल्या बाकीच्या फाइलही उघडतात.

दुसरी पद्धत एईएस-२५६. ती पक्की आहे. अडचण अशी की सेव्हन-झिपमध्ये स्वरूप 'झिप' निवडले की एन्क्रिप्शन पद्धतीत आपोआप 'झिपक्रिप्टो' येते, ते हाताने बदलावे लागते. बदलले की विंडोजच्या अंगभूत झिप सोयीला अशी फाइल बहुधा उघडता येत नाही. फाइलींची यादी दिसते, पण बाहेर काढताना 'अनस्पेसिफाइड एरर' येते. म्हणजे विंडोजवाल्याला सेव्हन-झिप आणि मॅकवाल्याला त्याच्या तोडीचे काहीतरी लागणार. घेणाऱ्याला नीट सांगितले नाही की तो म्हणतो 'फाइल खराब आहे, साधीच पाठवा', आणि सगळी मेहनत वाया जाते.

झिपमध्ये आतल्या फाइलींची नावे एन्क्रिप्ट होत नाहीत, एईएस असले तरी. 'मधुमेह_अहवाल' असे नाव असेल तर पासवर्डाशिवायच बरेच कळले. नावेही झाकायची असतील तर स्वरूप 'सेव्हन-झेड' (सेव्हन-झिपचे स्वतःचे) निवडून 'एन्क्रिप्ट फाइल नेम्स' या चौकटीत खूण करा. सेव्हन-झेडमध्ये पासवर्डापासून किल्ली बनवताना ५,२४,२८८ वेळा हॅश होतो. झिपच्या एईएसमध्ये तो आकडा फक्त १,००० आहे. पासवर्ड तोच असला तरी सेव्हन-झेड जास्त टिकाव धरते ते यामुळे.

मात्र काही मेल सेवा पासवर्डवाले संग्रह अडवतात, कारण आत विषाणू आहे का हे त्यांना तपासता येत नाही. तेव्हा पाठवल्यावर पोहोचले का, हे विचारा.

घेणाऱ्यांना काही इन्स्टॉल करायला लावायचे नाही ही तुमची अट पाहता माझे मत असे: सगळ्या पीडीएफ एकत्र जोडून एकच पीडीएफ करा आणि तिला उघडण्याचा पासवर्ड लावा. तेच क्यूपीडीएफ जोडण्याचेही काम करते. विंडोज, मॅक, फोन, सगळीकडे अशी फाइल उघडते, ब्राउझरमध्येसुद्धा. एक्सेलला त्याचे स्वतःचे एन्क्रिप्शन. झिपच्या भानगडीतच पडू नका.

निळी_शाई

सविस्तर उत्तरांबद्दल मनापासून आभार. झिप रद्द, एक जोडलेली पीडीएफ आणि दोन एक्सेल असे ठरवते. पण जन्मतारीख का नको आणि देवनागरीचे काय, हे राहिलेच. शिवाय त्या पीडीएफमधली एक डिजिटल सही केलेली आहे. ती जोडली किंवा तिला पासवर्ड लावला तर सही टिकेल का?

पाचफासे

जन्मतारखेचा हिशेब सोपा आहे. १०० वर्षांच्या तारखा म्हणजे जवळपास ३६,५०० पर्याय. बँकेच्या साइटवर काही चुकीच्या प्रयत्नांनंतर खाते बंद होते, फाइलीला तसे कोणी अडवणारे नसते. ज्याच्या हाती फाइल आली तो आपल्या यंत्रावर, आपल्या सवडीने, कितीही वेळा प्रयत्न करू शकतो. ३६,५०० पर्याय भक्कम एन्क्रिप्शनवरही चुटकीसरशी संपतात. नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्मसाल ही जोडीही तशीच, कारण ती माहिती फाइलच्या नावातून किंवा मेलच्या पत्त्यातूनच मिळते. वर ज्या १ लाख आणि ५ लाख हॅशच्या फेऱ्यांचा उल्लेख आला त्या प्रत्येक अंदाज महाग करतात, पण अंदाजच थोडे असतील तर त्यांचा उपयोग नाही.

चांगला पासवर्ड दोन रीतींनी करता येतो. एक, पासवर्ड मॅनेजरकडून यादृच्छिक अक्षरे घ्यायची. रोमन लिपीतली १५ छोटी यादृच्छिक अक्षरे म्हणजे सुमारे ७० बिट, हे पुरते आणि मॅकच्या मर्यादेतही बसते. दुसरी रीत फाशांची. ७,७७६ शब्दांची यादी घ्यायची, पाच फासे टाकून आलेल्या आकड्यांचा शब्द उचलायचा, असे पाच-सहा शब्द. प्रत्येक शब्दाचे सुमारे १२.९ बिट, म्हणजे सहा शब्दांचे ७७. शब्द मनाने निवडायचे नाहीत, फाशांनीच निवडायचे. मनातून आलेल्या शब्दांना हे गणित लागू होत नाही. फोनवर सांगायला शब्द सोपे जातात, म्हणून पीडीएफसाठी शब्द आणि एक्सेलसाठी १५ अक्षरे. जुन्या पद्धतीच्या पीडीएफमध्ये पासवर्डाचे पहिले ३२ बाइटच धरले जातात. तुम्ही २५६ बिट घेताय, तिथे मर्यादा १२७ बाइट आहे, त्यामुळे सहा शब्द आरामात बसतील.

फोनवर सांगताना 'एल' आणि '१', 'ओ' आणि '०' यांचा घोळ होतो. ही चार चिन्हे वगळूनच पासवर्ड तयार करा. कॉपी-पेस्ट करणाऱ्यांकडून शेवटी एक मोकळी जागा येते आणि मग 'पासवर्ड चालत नाही' असा निरोप येतो. आधी ते तपासायला सांगा.

देवनागरीचा मोह टाळा. सुरक्षितता त्यातून आपोआप वाढत नाही आणि फाइल न उघडण्याची शक्यता मात्र वाढते. 'दुसऱ्या' हा शब्द पाहा. त्यातला 'ऱ' एका कळीने एकच कोड म्हणून उमटतो, तर दुसऱ्या कीबोर्डवर 'र' आणि खालचा नुक्ता (टिंब) असे दोन कोड येतात. काही कीबोर्ड तेच जोडाक्षर साध्या 'र' नंतर न दिसणारे जोडचिन्ह घालून बनवतात. डोळ्यांना तिन्ही शब्द सारखे, पण पासवर्ड म्हणून तीन वेगळे. पीडीएफच्या नव्या मानकात असे काही फरक मिटवण्याचा नियम आहे, पण तो प्रत्येक सॉफ्टवेअरने पाळलेला असेलच असे नाही. त्यातून देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट खाते, आणि जुन्या पीडीएफमध्ये तर देवनागरी पासवर्डाची सोयच नाही. मराठी शब्द हवेच असतील तर ते रोमन लिपीत, ठरलेल्या स्पेलिंगने लिहा. स्पेलिंग दोघांनीही लिहून घ्या.

आणि पासवर्ड त्याच मेलमध्ये नको, लगेचच्या दुसऱ्या मेलमध्येही नको. पुढे कधी कोणी ती मेलपेटी उघडली तर फाइल आणि पासवर्ड शेजारी-शेजारी सापडतील. फाइल मेलने गेली तर पासवर्ड फोनवर बोलून सांगा. दोघांना वेगवेगळे पासवर्ड द्या. दोन प्रती करायला पाच मिनिटे जास्त लागतात, पण एकाचा पासवर्ड बाहेर फुटला तरी दुसऱ्याची प्रत बंदच राहते. मेलचा विषय आणि जोडलेल्या फाइलचे नाव एन्क्रिप्ट होत नाही, तेही साधेच ठेवा.

कडीकोयंडा

वरच्याला पूरक: पासवर्डवाली फाइल एकदा गेली की परत घेता येत नाही. मुदतीनंतर प्रवेश बंद करायचा असेल तर हीच एन्क्रिप्ट केलेली फाइल गुगल ड्राइव्हवर ठेवा, शेअर करताना 'जनरल अॅक्सेस'मध्ये 'रिस्ट्रिक्टेड' ठेवून दोघांचे मेल-पत्ते घाला आणि काम झाले की ते काढून टाका. 'एनीवन विथ द लिंक' निवडलेत तर लिंक पुढे ढकलली गेली की कोणालाही फाइल उतरवता येते. एकदा उतरवून घेतलेली प्रत मात्र तुमच्या हातात राहत नाही, हे यातही आहेच.

स्कॅनमधला एखादा क्रमांक घेणाऱ्यालाही दिसायला नको असेल तर पासवर्ड तिथे कामाचा नाही. नुसती काळी पट्टी वरून ठेवली तर खालचे चित्र किंवा मजकूर फाइलमध्ये तसाच असतो आणि पट्टी हटवून किंवा कॉपी करून वाचता येतो. तेवढे पान चित्र म्हणून काढा, चित्रावर पट्टी पक्की करा आणि त्या चित्राची पीडीएफ बनवा.

बाइटबाराखडी

सहीच्या प्रश्नाचे उत्तर: टिकणार नाही, दोन्ही बाबतींत. डिजिटल सही ही फाइलमधल्या ठरावीक बाइटांवर असते. पासवर्ड लावताना जवळपास सगळे बाइट नव्याने लिहिले जातात, जोडतानाही तेच. मग उघडणाऱ्याला 'सही अवैध' असे दिसते किंवा सही नुसती चित्रासारखी उरते. मुळात क्रम उलटा हवा: आधी पासवर्ड, मग सही. सही करणाऱ्याकडून तसे पुन्हा करून घेणे शक्य असेल तर उत्तम.

शक्य नसेल तर ती एकच फाइल जशीच्या तशी सेव्हन-झेडमध्ये घाला. बाहेर काढल्यावर बाइट न् बाइट तीच फाइल मिळते, त्यामुळे सहीला काही होत नाही. घेणाऱ्यांना तेवढ्यापुरते एक सॉफ्टवेअर लागेल. ते नको असेल तर ती फाइल न जोडता, पासवर्ड न लावता, वर सांगितलेल्या 'रिस्ट्रिक्टेड' लिंकने द्या. मग तिची सगळी भिस्त त्या दोघांच्या खात्यांवर राहील, तेव्हा त्यांनी खात्याला दुहेरी पडताळणी लावली आहे ना, ते पासवर्ड सांगायला फोन कराल तेव्हा विचारून घ्या.